तरंगत्या नगराचे वजन

(डॉ. जयंत नारळीकर यांच्या स्मरणार्थ अर्विंग, टेक्सस येथे दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



नारळीकरांच्या स्मरणार्थ बोलायचे, तर विषय आकाशाचा हवा आणि तो आकड्यांनी तोलता येणारा हवा. २० मे २०२५ रोजी ते गेले. कोल्हापुरात जन्मलेले, बनारसला वाढलेले, केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त मांडणारे हे शास्त्रज्ञ मराठीत विज्ञानकथा लिहायला बसले, तेव्हाही कथेतले विज्ञान खरे असले पाहिजे हा आग्रह त्यांनी सोडला नाही. म्हणून आज मी असा विषय घेतला आहे, जो ऐकताना विज्ञानकथा वाटतो आणि मांडताना अंकगणित होतो. माणसांनी भरलेले आख्खे नगर हवेत तरंगत ठेवता येईल का? इंजिनाच्या जोरावर उडणारे नगर मला म्हणायचे नाही. फुग्यासारखे, भोवतालच्या हवेपेक्षा हलके असल्यामुळे आपोआप वर राहणारे नगर मला म्हणायचे आहे.

ही कल्पना आपल्या कानांना नवी नाही. महाभारतातल्या शाल्वाचे सौभ नगर आकाशात फिरत होते, असुरांची तीन पुरेही आकाशात होती. त्या कवींना नगराचे वजन विचारण्याचे कारण नव्हते. आपल्याला ते विचारावेच लागेल, कारण विसाव्या शतकात एका नामवंत रचनाकाराने ही कल्पना गंभीरपणे मांडली आणि आज अवकाशसंस्थांचे अभियंतेही तिचे हिशेब करतात.

हा हिशेब अर्विंगमध्ये बसून करण्याला अर्थ आहे. हवेत तरंगायला लागणारा वायू आणि त्याला कोंडणारे कापड, या दोन्हींचा इतिहास या गावाच्या अगदी जवळून गेला आहे. आपल्या शेजारच्या फोर्ट वर्थमध्ये १९२१ साली हेलियम वेगळा काढणारा कारखाना सुरू झाला. पेट्रोलियाच्या विहिरींतला नैसर्गिक वायू नळांतून तिथे येई आणि त्यातला जेमतेम एक टक्का हेलियम गाळून घेतला जाई. १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये ‘शेनान्डोआ’ हे अमेरिकन नौदलाचे प्रचंड हवाई जहाज देश ओलांडताना याच कारखान्याजवळच्या खांबाला येऊन थांबले होते. पुढे १९२९ मध्ये हे काम वायव्येला अमारिलोकडे गेले. आपल्या काळात म्हणाल, तर एक्सॉनमोबिलचे मुख्यालय २०२३ पर्यंत इथेच, अर्विंगमध्ये होते आणि वायोमिंगमधल्या त्यांच्या एकाच प्रकल्पातून जगाचा सुमारे पाचवा हिस्सा हेलियम येतो. कापडाचेही तसेच. अर्विंगच्याच लास कोलिनास भागात मुख्यालय असलेल्या सेलनीज कंपनीने ‘व्हेक्ट्रान’ हा धागा विकसित केला. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या ‘पाथफाइंडर’च्या हवेच्या उशा याच धाग्याच्या होत्या. आता तो धागा एक जपानी कंपनी तयार करते.

हेलियमचा विषय निघाला की मराठी माणसाला विजयदुर्ग आठवतो. या वायूचा शोध त्या किल्ल्यावर लागला, असे आपण अभिमानाने सांगतो. नारळीकरांच्या नावाच्या व्याख्यानात हा तपशील नीट सांगणे मला आवश्यक वाटते. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण भारतातून दिसले खरे. फ्रेंच खगोलज्ञ यान्सेन त्या वेळी गुंटूरला होते. हा शोध ज्यांच्या नावाने सांगतात, ते नॉर्मन लॉकयर मात्र तेव्हा इंग्लंडात होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी तिथूनच सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची ती पिवळी रेषा पाहिली. विजयदुर्गावर ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे कट्टे’ लॉकयर साहेबांचीच आठवण सांगतात. तोवर, १८९५ मध्ये, रसायनशास्त्रज्ञ रॅमसे यांनी पृथ्वीवरच्या खनिजातून हेलियम काढूनही दाखवला होता. विजयदुर्गाचा मान याने कमी होत नाही. समुद्रकाठच्या त्या किल्ल्यावर सूर्याचा अभ्यास झाला, एवढे सत्य पुरेसे मोठे आहे.

आता हिशेबाकडे वळू. शाळेत शिकलेले आर्किमिडीजचे तत्त्व इथे जसेच्या तसे लागू पडते: वस्तू जेवढी हवा बाजूला सारते, तेवढ्या हवेच्या वजनाइतके प्लावक बल तिला वर ढकलते. समुद्रसपाटीला एक घनमीटर हवेचे वजन सव्वा किलोच्या किंचित खाली, आणि तेवढ्याच हेलियमचे सुमारे १७० ग्रॅम. म्हणजे एका घनमीटरमागे उचल एक किलोच्या थोडी वर. तीन मीटर रुंद, चार मीटर लांब आणि तीन मीटर उंच अशी खोली काठोकाठ हेलियमने भरली, तरी ती दहा-अकरा वर्षांच्या मुलाला कशीबशी उचलेल. खोलीच्या भिंती अजून मोजायच्याच आहेत. हायड्रोजन याहून सात-आठ टक्के जास्त उचलतो, पण तो पेटतो. या दोन वायूंएवढा हलका तिसरा पर्याय रसायनशास्त्रात नाही. म्हणून उद्या नवा वायू सापडेल आणि प्रश्न सुटेल, ही आशा आधीच बाजूला ठेवू.

माणसे हवेत तरंगत राहिली, याचा सर्वांत मोठा अनुभव ‘हिंडेनबर्ग’ या जर्मन हवाई जहाजाचा आहे. लांबी २४५ मीटर, पोटात सुमारे दोन लाख घनमीटर हायड्रोजन. आत जेवणघर होते, बैठकीचा दिवाणखाना होता, आणि १९३६ साली त्यात ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा एक पियानोही होता. त्याचे वजन सुमारे १६० किलोंवर आणण्यासाठी कारागिरांनी किती खटपट केली असेल, याचा मी नेहमी विचार करतो. शेवटच्या फेरीत, ६ मे १९३७ रोजी, जहाजावर ९७ माणसे होती. जहाज पेटले आणि त्यांतली ३५ माणसे गेली, जमिनीवरचा एक कामगारही गेला. हे जहाज मुळात हेलियमसाठी आखले होते. पण अमेरिकेने हेलियमची निर्यात कायद्याने रोखली होती.

तर हिंडेनबर्गच्या मापाने माणशी दोन हजार घनमीटर वायू लागला. अर्विंगची लोकसंख्या अडीच लाखांच्या थोडी वर आहे. एकता मंदिरापासून लास कोलिनासपर्यंत सगळ्यांना याच मापाने वर न्यायचे ठरवले, तर पन्नास कोटी घनमीटर वायू लागेल. साऱ्या जगाचे हेलियमचे वार्षिक उत्पादन सोळा-सतरा कोटी घनमीटरच्या आसपास आहे. म्हणजे तीन वर्षांचा जगाचा सगळा हेलियम एका मध्यम गावासाठी. तोही कशासाठी? हिंडेनबर्गवरची माणसे दोन-तीन दिवसांच्या प्रवासाला निघालेली होती. त्यांच्यासोबत शाळा नव्हती, दवाखाना नव्हता, भाजीचे मळे नव्हते, म्हातारी माणसे कायमची राहत नव्हती.

आणि हा वायू पुन्हा मिळणारा नाही. जमिनीखालच्या युरेनियम-थोरियमच्या किरणोत्सर्गातून तो कोट्यवधी वर्षांत थेंबाथेंबाने साचतो. एकदा निसटला की वातावरणाच्या माथ्यावरून अवकाशात जातो. एमआरआय यंत्रांचे चुंबक थंड ठेवायला आज तोच लागतो. त्यामुळे हेलियमचे नगर बांधणे मला तांत्रिकदृष्ट्या अवघड वाटते, आणि नैतिकदृष्ट्या तर चुकीचेच वाटते. रुग्णालयाच्या वाट्याचा हेलियम ज्या नगराला लागेल, ते नगर मला नको आहे.

मग वायूशिवाय? इथे बकमिन्स्टर फुलर यांचे नाव येते. १९६० च्या सुमारास शोजी सादाओ यांच्यासोबत त्यांनी एक चित्र जगापुढे ठेवले: डोंगरमाथ्यांवर तरंगणारे, मैलभर व्यासाचे गोल, आणि त्यांच्या आत माणसांची वस्ती. गोलात कुठलाही खास वायू नाही, साधी हवाच. फक्त बाहेरच्या हवेपेक्षा किंचित गरम. युक्ती आकारात आहे. गोल दुप्पट रुंद केला की त्याचे कवच चौपट होते आणि आतली हवा आठपट. गोल जसजसा मोठा करावा, तसतसे कवचाचे वजन आतल्या हवेपुढे क्षुल्लक होत जाते. मग त्या अफाट हवेला थोडीशी ऊब दिली तरी पुरे, असे त्यांचे म्हणणे.

या विचाराबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच तो केवळ चित्र म्हणून पाहून सोडून देणे मला बरे वाटत नाही. त्याचा हिशेब पुरा करायला हवा.

मैलभर व्यासाच्या गोलात सुमारे २१८ कोटी घनमीटर हवा मावते. तिचे वजन जवळपास २७ लाख टन. बाहेर १५ अंश सेल्सिअस आणि आत १६, एवढाच फरक ठेवला, तर उचल मिळते सुमारे ९,३०० टन. ऐकायला मोठा आकडा आहे. पण या गोलाचे कवच ८१ लाख चौरस मीटर आहे. भागून पाहा: चौरस मीटरला सव्वा किलोही वाट्याला येत नाही. ॲल्युमिनियमचा अर्ध्या मिलिमीटरहून पातळ पत्रा लावला की सगळी उचल संपली. माणसासाठी एक ग्रॅमही उरला नाही. तेव्हा एका अंशावर भागत नाही. दहा अंश घेऊ. आता उचल होते सुमारे ९० हजार टन. सांगाडा, आच्छादन, दोऱ्या, सगळे मिळून कवच चौरस मीटरला पाच किलोंत बसवले, तर जवळपास ४१ हजार टन त्यात जातात आणि ४९ हजार टन उरतात. ते अर्विंगच्या अडीच लाख लोकांत वाटले, तर माणशी १९६ किलो.

भारतात शहरी पाणीपुरवठ्याचे प्रमाण माणशी रोज १३५ लिटर धरतात. साठ किलोचा माणूस आणि त्याचे एका दिवसाचे पाणी मिळून १९५ किलो झाले. झाले, नगराचे वजन संपले. अजून बिछाना नाही, भांडे नाही, पुस्तक नाही, पायाखाली जमीन नाही. नगर म्हणजे मुख्यतः वजन असते, हे हा हिशेब करेपर्यंत मला इतके स्पष्ट कळले नव्हते. आपल्या घरांची, रस्त्यांची, टाक्यांची टनावारी आपण पृथ्वीच्या पाठीवर ठेवतो आणि ती पाठ त्याचे भाडे मागत नाही.

उष्णतेचे गणित मात्र आश्चर्यकारक जुळते. एकेरी पातळ आवरणातून दहा अंशांच्या फरकाला जवळजवळ चारशे मेगावॅट उष्णता बाहेर झिरपेल, असा ढोबळ अंदाज निघतो. अमेरिकन माणूस सरासरीने दीड किलोवॅटच्या आसपास वीज सतत वापरतो आणि ती शेवटी उष्णताच होते. अडीच लाख माणसांची मिळून पावणेचारशे मेगावॅट! म्हणजे नगर आपल्याच चुलींच्या, दिव्यांच्या, यंत्रांच्या उबेवर तरंगू शकेल. फुलर यांच्या कल्पनेतले हे खरे सौंदर्य आहे. पण वस्ती कमी केली की हा मेळ मोडतो. अडीच लाखांऐवजी पाच हजार माणसे ठेवा: माणशी जवळजवळ दहा टन वाट्याला येतात. मोठ्या विमानवाहू नौकेवर माणशी वीस टन जहाज असते, तेव्हा दहा टनांत काटकसरीने एक गाव वसवता येईल. पण पाच हजार माणसांची ऊब सात-आठ मेगावॅटची. उरलेले सुमारे चारशे मेगावॅट कुठून आणायचे? दिवसा सूर्य देईल, हवे त्याहून जास्तच देईल. रात्री काय? कोयनेची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे. तिचा पाचवा हिस्सा एका तरंगत्या गावाला रात्रभर पुरवायचा आणि त्या वीजघराचे वजनही त्याच गोलात बसवायचे.

शिवाय ही ऊब नेहमी बाहेरच्या हवेवर चढवायची असते. अर्विंगच्या उन्हाळ्यात पारा ३८ अंशांच्या वर जातो. बाहेर ३८ म्हणजे आत ४८. जिथे माणूस राहायचा, तीच जागा त्याला उचलण्यासाठी तापवायची, ही या रचनेतली मूळ अडचण आहे. तीन किलोमीटर वर गेले तर गारवा मिळतो, पण हवा विरळ झाल्यामुळे उचलीचा जवळपास चौथा हिस्सा जातो.

आणि वर जायचे तर वादळांचा विचार टाळता येत नाही. वाऱ्याबरोबर वाहणाऱ्या फुग्याला वारा जाणवत नाही, हे खरे. घात होतो तो फुग्याच्या एका टोकाला वर नेणारा झोत आणि दुसऱ्या टोकाला खाली दाबणारा झोत भेटतो तेव्हा. फोर्ट वर्थला येऊन गेलेले शेनान्डोआ वर्षभरातच, ३ सप्टेंबर १९२५ रोजी, ओहायोवर अशाच वादळात सापडले आणि त्याचे तुकडे झाले. चौदा जण गेले. ‘ॲक्रन’ १९३३ मध्ये समुद्रावर गेले, तेव्हा ७३ जण दगावले. ही दोन्ही जहाजे हेलियमची होती. आग लागलीच नव्हती. आणि ती दोनशे-अडीचशे मीटरांची होती. आपण बोलतो आहोत सोळाशे मीटरांच्या गोलाबद्दल, जो एकाच वेळी दोन-तीन वेगवेगळ्या वाऱ्यांत उभा असेल. उत्तर टेक्ससमधला एप्रिल-मे ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

वादळांच्याही वर, वीस किलोमीटरवर गेलो तर? तिथे हवा समुद्रसपाटीच्या चौदाव्या भागाइतकीच उरते. तीच उचल हवी तर आकार चौदापट. त्याहून वरची अवस्था नारळीकरांनी स्वतः पाहिली होती. वरच्या वातावरणात सूक्ष्मजीव आहेत का, हे तपासायला त्यांनी आणि सहकाऱ्यांनी जानेवारी २००१ मध्ये हैदराबादच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्रावरून फुगा सोडला आणि ४१ किलोमीटरपर्यंतच्या हवेचे नमुने आणले. दुसरे उड्डाण २००५ साली झाले. त्या फुग्याचे आकारमान २ कोटी ६७ लाख घनफूट होते, म्हणजे साडेसात लाख घनमीटर, जवळजवळ चार हिंडेनबर्ग. आणि त्याखाली टांगलेले उपकरण किती वजनाचे? ४५९ किलो. नमुने गोठवायला ३८ किलो द्रवरूप निऑन लागले. या प्रमाणात एका माणसाला नुसते टांगून ठेवायला लाखभर घनमीटर लागतील.

त्या उड्डाणाच्या नमुन्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. एकीला हॉईल यांचे नाव दिले, एकीला आर्यभटाचे, एकीला इस्रोचे. जीव पृथ्वीबाहेरून आले, ही हॉईल यांची आवडती कल्पना; शिष्याला ती सिद्ध झाली असे म्हणण्याचा मोह किती झाला असता! पण २००९ मध्ये निकाल जाहीर झाला, तेव्हा हे जीव पृथ्वीबाहेरचे आहेत असे यातून निर्णायकपणे ठरत नाही, हे त्यातच स्पष्ट म्हटले होते. आज मी फुलर यांच्या गोलाला जे प्रश्न विचारतो आहे, ते विचारण्याची रीत मी अशा वाक्यांतून शिकलो.

पृथ्वीवर तरंगते नगर शक्य नाही, असा माझा निष्कर्ष आहे. खाली वादळे, वर विरळ हवा, आणि मधे वजन. पण एक जागा अशी आहे जिथे हा सगळा हिशेब उलटतो. शुक्र. त्याच्या पृष्ठभागावर शिसे वितळेल एवढी उष्णता आहे. तरी जमिनीपासून पन्नास किलोमीटरवर हवेचा दाब जवळपास आपल्या समुद्रकाठाएवढा आणि तापमान ७५ अंशांच्या आसपास, पाच किलोमीटर आणखी वर गेले की सुमारे २७ अंश. आणि तिथली हवा कार्बन डायऑक्साइडची, म्हणून जड. त्या हवेत आपली श्वास घेण्याची साधी हवाच फुग्यातला वायू ठरते. पन्नास किलोमीटरवर ती घनमीटरला सुमारे अर्धा किलो उचलते. हेलियम नको, अंतर्गत भट्टी नको. ज्या हवेत माणूस राहील, तीच त्याला तोलून धरील. नासाचे जेफ्री लँडिस यांनी २००३ मध्ये हा विचार नीट मांडला, आणि पुढे नासाच्याच लँग्ली केंद्रातल्या अभियंत्यांनी ‘हॅवॉक’ नावाने माणसांसह शुक्रावर तरंगण्याची योजना अभ्यासली.

ही नुसती कागदावरची गोष्टही नाही. १९८५ च्या जूनमध्ये सोव्हिएत ‘वेगा’ यानांनी शुक्राच्या ढगांत दोन फुगे सोडले. ते ५४ किलोमीटरच्या आसपास ४६ तासांहून अधिक काळ तरंगत, संदेश पाठवत राहिले आणि त्या काळात वाऱ्याबरोबर ११ हजार किलोमीटरांपेक्षा जास्त अंतर गेले. दुसऱ्या ग्रहाच्या हवेत माणसाने तरंगवलेली ती पहिली वस्तू. गंधकाम्लाचे ढग, पाण्याचा दुष्काळ, परतीचा रॉकेटप्रवास, या अडचणी तिथे आहेतच आणि त्या लहान नाहीत. तरी वजनाच्या तागडीत शुक्रावरचे नगर पृथ्वीवरच्या नगरापेक्षा कितीतरी जवळचे आहे.

मग इथल्या आकाशाचे काय करायचे? गूगलच्या ‘लून’ प्रकल्पातला एक फुगा ३१२ दिवस हवेत राहिला. २०१७ च्या मारिया वादळाने पोर्टो रिकोतले मनोरे पाडले, तेव्हा याच प्रकल्पाच्या फुग्यांनी तिथे फोन जोडून दिले. २०२१ मध्ये तो प्रकल्प बंद झाला, कारण पैशाचे गणित बसले नाही. भौतिकशास्त्राचे बसले होते. आपल्यापासून दोन-तीन तासांवर, पॅलेस्टाइन गावात, आज नासाचे असलेले फुग्यांचे केंद्र १९६३ पासून आहे. २०२३ मध्ये न्यूझीलंडहून सोडलेल्या नासाच्या मोठ्या फुग्याने ‘सुपरबिट’ ही दुर्बीण महिनाभराहून अधिक काळ वर धरली आणि तिने आकाशगंगांचे समूह टिपले. कोकणात दरड कोसळून गाव तुटते, सांगलीत पूर येऊन चार-चार दिवस संपर्क जातो, तिथे काही किलो वजनाचा संपर्क-संच धरून राहणारा फुगा किती उपयोगी पडेल! त्याला हेलियम लागेल थोडाच, आणि काम झाल्यावर फुगा परत गोळा करता येईल. या सभागृहात वस्त्रतंत्रातले, दूरसंचारातले, वायुगतिकीतले लोक बसले आहेत. कवचाचा तो चौरस मीटरला पाच किलोंचा आकडा मी धरला आहे; तो खाली आणता येईल का आणि रात्रीच्या गारव्यात फुग्याची उंची ढळू न देता तो आठवडाभर एका तालुक्यावर कसा राखता येईल, हे प्रश्न मी आता आपल्यापुढे ठेवतो. प्रश्नोत्तरांची सुरुवात आपण तिथूनच करू.